नांगराची साखळी किती सोडावी? होडी आणि डोंगा बाळगणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

साखळी घ्यायला येणारा ग्राहक बहुधा एकच आकडा घेऊन येतो. "भाऊ, पानी वीस फूट हाय, तेवढी साखळी द्या." गोसीखुर्दच्या जलाशयात जाळी टाकणारे असोत की रामटेकजवळ खिंडसीवर पर्यटकांना फिरवणारे, हिशेब तोच असतो. तेवढी साखळी मापून देणे आम्हाला सोपे आहे. पण पाण्याच्या खोलीइतकीच साखळी नेली तर नांगर तळाला टेकेल एवढेच. वारा सुटला की तो होडीला धरून ठेवणार नाही. म्हणून हे पत्रक.

आपल्याकडे शेतातला नांगर आणि होडीचा नांगर यांना एकच शब्द आहे, आणि दोघांचे वागणेही सारखे आहे. लोखंडी नांगराला बैल जुंपताना साखळी आखूड ठेवली की ओढ वरच्या दिशेने बसते आणि फाळ उथळ चालतो. साखळी लांब केली की ओढ आडवी होते, फाळ खोल जातो. होडीच्या नांगराचेही तसेच. ओढ जमिनीलगत राहिली तर तो गाळात रुततो. ओढ वर झाली तर उपटून येतो. साखळी लांब सोडायची ती एवढ्यासाठी. शिवाय साखळी वजनदार असल्याने तिचा काही भाग तळावर पडून राहतो आणि वाऱ्याचा झटका आधी तो भाग उचलण्यात खर्च होतो, नांगरापर्यंत कमी पोचतो.

मोजायचे कुठून?

पाण्याच्या पृष्ठभागापासून नाही, होडीच्या पुढच्या टोकापासून. साखळी जिथून खाली उतरते तिथून तळापर्यंतची उंची धरा आणि तिची पाचपट साखळी सोडा. पूर्ण साखळी असेल तर हे प्रमाण नेहमीच्या वाऱ्याला पुरते. थोडी साखळी आणि पुढे दोर असेल तर सातपट धरा, कारण दोराला साखळीचे वजन नसते. वारा पडलेला आहे, होडीत माणूस जागा आहे आणि डबा खाण्यापुरतेच थांबायचे आहे, तर पूर्ण साखळीवर तिप्पटही चालते. रात्रभर होडी सोडून जायचे असेल तर तिप्पटीवर विसंबू नका.

टोकाची उंची उथळ पाण्यात फार महत्त्वाची ठरते. समजा पाणी २ मीटर आहे आणि होडीचे टोक पाण्यापासून १ मीटर वर आहे. नुसत्या पाण्याचा हिशेब केला तर १० मीटर साखळी येते. खरा हिशेब ३ मीटरचा, म्हणजे १५ मीटर.

आपल्या धरणांची गोष्ट वेगळी

समुद्रावर भरती दिवसातून दोनदा येते आणि तिची वेळ ठरलेली असते. आपल्या जलाशयांत पाणी चढते ते पावसाच्या मनाने. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा एका रात्रीत पाणी काय करते ते नागपूरकरांनी घरात उभे राहून पाहिले. जूनमध्ये ६ मीटर पाण्यात, अर्धा मीटर टोक धरून, तुम्ही साडेबत्तीस मीटर साखळी सोडली, म्हणजे बरोबर पाचपट. पुढे पाणी ३ मीटर चढले. साखळी तेवढीच, पण उंची आता साडेनऊ मीटर. पाचपटीची जेमतेम साडेतीनपट उरली. होडी तिथेच दिसते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि पहिल्या वावधानात ती काठाला आपटते. तेव्हा पावसाळ्यात आजचे पाणी धरू नका, चढणारे पाणी धरा. वरच्या उदाहरणात साडेसत्तेचाळीस मीटर लागते. गोसीखुर्दला ३३ दरवाजे आहेत. दरवाजे उघडले की पाण्याची ओढही वाढते. विसर्गाची सूचना आली की होडी आधी काठाला आणा.

खुणा

सोडलेली साखळी किती गेली हे कळायला खुणा हव्यात. दुकानाच्या ओट्यावर आम्ही ५ मीटरवर दोन खिळे ठोकले आहेत. साखळी त्यांच्यामध्ये ताणून धरतो आणि नांगराच्या टोकापासून दर ५ मीटरला रंगाचा पट्टा देतो: ५ ला पांढरा, १० ला एक लाल, २० ला दोन लाल, ३० ला तीन. कडी मोजूनही पडताळतो. आमच्याकडच्या ८ मिलिमीटरच्या आखूड कडीच्या साखळीत एका कडीची आतली लांबी २४ मिलिमीटर असते, म्हणजे २०८ कड्यांचे ५ मीटर. तळाच्या खड्यांवर घासून रंग जातो, म्हणून पट्ट्याच्या कडीत नायलॉनची सुतळीही ओवतो, १० ला एक गाठ, २० ला दोन. अंधारात बोटांना गाठी लागतात.

दोर वावेने मोजणाऱ्यांना एक विनंती. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचे अंतर, साधारण ६ फूट. पण एखाद्याची वाव सव्वापाच फूटच भरते, आणि २० वावांत १५ फुटांचा फरक पडतो. आपली वाव एकदा टेपने मोजून घ्या.

डोंग्यासाठी

६ मिलिमीटर साखळीचे वजन मीटरला साधारण ८०० ग्रॅम. ३० मीटर म्हणजे २४ किलो. लहान डोंग्यात एवढा भार आम्ही सुचवत नाही. ५-६ मीटर साखळी आणि पुढे नायलॉनचा दोर घ्या. नायलॉन ताणला जातो, झटका सोसतो आणि पाण्यात बुडतो. स्वस्तातला पॉलिप्रोपिलीनचा दोर तरंगतो आणि इंजिनाच्या पंख्यात किंवा शेजाऱ्याच्या जाळ्यात अडकतो. शॅकलची, म्हणजे साखळी नांगराला जोडणाऱ्या कडीची, पिन तारेने बांधायला विसरू नका. बांधली नाही तर हेलकाव्याने ती सुटत जाते.

नांगर टाकताना साखळीचा ढीग एकदम खाली लोटू नका. नांगर तळाला टेकू द्या, होडी वाऱ्याने मागे सरकू द्या आणि तशी साखळी सोडत जा. पूर्ण सोडल्यावर ताणलेल्या साखळीवर तळहात ठेवा. नांगर घसरत असेल तर साखळी थरथरते, दगडावरून काही फरफटत नेल्यासारखी. रुतला असेल तर हाताला नुसता ताण लागतो. काठावरचे एक झाड आणि त्यामागचा विजेचा खांब एका रेषेत धरा. काही वेळाने रेषा मोडली तर नांगर सरकतो आहे किंवा वारा फिरला आहे, पुन्हा हात लावून बघा.

बुडीत भागात झाडांचे खुंट असतात. तिथे नांगराच्या डोक्याला वेगळी बारीक दोरी बांधून वर डबा तरंगत ठेवा; अडकला तर उलट बाजूने ओढून काढता येतो. आणि साखळीचे शेवटचे टोक होडीला दोराने पक्के बांधा. आमच्या एका ग्राहकाची नवी साखळी पहिल्याच दिवशी सगळी पाण्यात गेली, कारण ते टोक मोकळे होते. दोरच वापरा, संकटात तो सुरीने कापता येतो.

दुकानात येताना तीन आकडे आणा: होडीची लांबी, टोकाची पाण्यापासून उंची आणि तुमच्या जागेचे पावसाळ्यातले सर्वात जास्त पाणी. खोली ठाऊक नसेल तर दोरीला किलोभर वजन बांधून मोजा. जुनी साखळी असेल तर मृगाच्या आधी घेऊन या. झिजलेल्या कड्या तपासून खुणा नव्याने करून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.