रस्ता मोकळा करणारा परमवीर

२३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधल्या २१ बेटांना परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची नावं दिली गेली. त्यातलं एक राणे द्वीप. राणे म्हटलं की आपल्याला आधी सिंधुदुर्गातली घरं आठवतात. रामा राघोबा राणे मात्र त्याच किनाऱ्याला आणखी खाली, कारवारजवळच्या चेंडिया गावचे. जन्म २६ जून १९१८, वडील पोलिसात. तेव्हा तो जिल्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे मुलगा सैन्यात गेला तो खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये. साल १९४०.

सॅपर म्हणजे सैन्याचे इंजिनिअर. पूल बांधणं, रस्ते काढणं, सुरुंग पेरणं आणि उचलणं हे त्यांचं काम. ब्रह्मदेशच्या आघाडीवर बुथिडाँगहून माघार घेताना साठे उद्ध्वस्त करायला जी तुकडी मागे ठेवली, तिच्यात राणे होते. ठरलेली मदत आली नाही, तेव्हा जपानी गस्त चुकवत ही माणसं स्वतःच नदी ओलांडून परतली. शिपाई म्हणून भरती झालेले राणे डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले.

चारच महिन्यांनी, पाकिस्तानशी काश्मीरवरून चाललेल्या युद्धात, जम्मू भागातल्या राजौरीचा प्रसंग आला. हल्लेखोरांच्या ताब्यातल्या त्या गावात लोकांची कत्तल चालली होती, प्रत्येक दिवस मोलाचा होता. नौशेऱ्याहून ४ डोग्रा पलटण निघाली. पायदळ डोंगर चढून जाईल, पण रणगाड्यांना रस्ताच हवा, आणि तोच सुरुंगांनी आणि आडव्या झाडांनी बंद केलेला. ८ एप्रिल १९४८ रोजी राणे सुरुंग काढायला लागले तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. त्यांचे दोन साथीदार गेले, पाच जखमी झाले, त्यांत स्वतः राणे. तरी रात्रभर काम चालूच राहिलं. सरकत्या रणगाड्याच्या पोटाखाली रांगत, दोरीने चालकाला इशारे देत ते वाट काढत गेले. १० तारखेला पाइनची पाच मोठी झाडं आडवी पडलेली होती, भोवती सुरुंग, समोरून मशीनगन. दोन तासांत तीही बाजूला झाली. ११ एप्रिलला रात्री उशिरापर्यंत हेच चाललं होतं, आणि १२ तारखेला आपलं सैन्य राजौरीत पोहोचलं. शौर्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंदूक येते. या माणसाच्या हातात त्या चार दिवसांत प्रामुख्याने सुरुंग होते, आणि मला हेच शौर्य जास्त अवघड वाटतं.

त्या वेळी परमवीर चक्र अस्तित्वातच नव्हतं. ते २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झालं, पण १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमाला लागू करून. म्हणून १९४७-४८च्या युद्धातल्या पाच जणांना ते मिळालं. त्यातले तिघे मरणोत्तर. हयात होते ते राणे आणि करमसिंग. जांभळ्या फितीवरचं हे कांस्यपदक, मधोमध राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं, रेखाटलं सावित्रीबाई खानोलकरांनी. युरोपात जन्मलेल्या सावित्रीबाई विक्रम खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झाल्या. खानोली हे वेंगुर्ल्याकडचं गाव. आडनावाचा तो धागा कोकणी वाचकाला सहज ओळखू येईल.

राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात वारले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर, ‘चपळ’ या जुन्या युद्धनौकेशेजारी, त्यांचा पुतळा आहे.