घरी मानसिक आजाराची औषधं सुरू असताना काय पाहायचं

आमच्या गृहपरिचर्या सेवेतल्या नागपूरकर कुटुंबांसाठी

आमची सिस्टर किंवा ब्रदर तुमच्या घरी येतात ते दिवसाचे काही तास. बाकीचा वेळ पेशंटजवळ तुम्हीच असता. औषधाचा त्रास सुरू झाला की तो आधी लक्षात येतो आईच्या, बायकोच्या, भावाच्या. म्हणून हे पत्रक तुमच्या हातात देत आहोत.

कळकळीनं सांगायचं ते एकच. पेशंटच्या वागण्यात नवं काही दिसलं की "आजार उलटला" किंवा "मुद्दाम करतोय" असं ठरवण्याआधी औषधाकडे बघा. कोणती गोळी नव्यानं लागली, कशाचा डोस वाढला, काय घ्यायचं राहिलं? पुष्कळदा उत्तर तिथेच सापडतं. आजार वाढला समजून घरच्या घरी गोळी वाढवणं आणि घाबरून सगळंच बंद करणं, दोन्हींनी पेशंटचे हाल होतात. डोस बदलायचा तो डॉक्टरांनीच. आमच्या नर्सनाही तो अधिकार नाही, त्यामुळे कितीही आग्रह झाला तरी त्या अर्धी गोळीसुद्धा जास्तीची देणार नाहीत.

पाय थांबत नाहीत, मान वळते

हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांसारख्या औषधांनी भास आणि संशय आटोक्यात येतात. पण काही जणांना पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत विचित्र अस्वस्थता येते. माणूस हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून परत हॉलमध्ये फेऱ्या मारतो. बसवलं तर गुडघे हलत राहतात, ताटावरून दोनदा उठतो, रात्री पलंगावर पडून पाय घासत राहतो. घरचे म्हणतात, आज फार त्रास देतोय. अशा वेळी आमच्या नर्स शेजारी बसून शांतपणे विचारतात, "मनात भीती आहे, की पायच स्वस्थ बसू देत नाहीत?" हा प्रश्न तुम्हीही विचारा. पायांबद्दल बोलला तर हा औषधाचा परिणाम असू शकतो. डॉक्टर डोस कमी करून किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देऊन तो कमी करू शकतात. याच अवस्थेला आजार समजून डोस वाढवला तर त्रास आणखी वाढतो. ही अस्वस्थता इतकी असह्य होऊ शकते की जीव नकोसा वाटतो, म्हणून असा फोन आम्ही दुसऱ्या दिवसावर ढकलत नाही.

औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच, विशेषतः तरुण मुलांमध्ये, मान एका बाजूला ताठ वळते, डोळे वर चढतात, जबडा किंवा जीभ आखडते. बघणारा हादरून जातो. कुणी फिट आली म्हणतं, कुणी अंगात आलं म्हणून अंगारा लावायला धावतं. मुलगा मात्र पूर्ण शुद्धीत असतो आणि घाबरलेला असतो. त्याला धीर द्या आणि लगेच दवाखान्यात न्या. योग्य इंजेक्शन मिळालं की बहुतेक वेळा थोड्याच वेळात मान सुटते. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल तर थेट १०८.

हात थरथरणं, चेहरा निर्विकार होणं, पावलं लहान पडणं हे सावकाश येतं. ओठ चावल्यासारखी किंवा जीभ बाहेर काढल्यासारखी आपोआप होणारी हालचाल महिन्यांनी, कधी वर्षांनी सुरू होते. ती लवकर कळवली तर उपाय करायला वाव राहतो.

उन्हाळ्यात जास्त जपा

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि ताप आला की आपण म्हणतो, ऊन लागलं. भासांवरची ही औषधं घेणाऱ्या माणसाला ताप येऊन अंग लाकडासारखं ताठरलं, दरदरून घाम सुटला, बोलण्यात गोंधळ दिसू लागला, तर ती त्या औषधाची दुर्मीळ पण जीवघेणी प्रतिक्रिया असू शकते. डोस सुरू झाल्यावर किंवा वाढवल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत हिचा धोका अधिक. ऊन लागलं की औषधाचं, हे घरी ओळखत बसू नका. दोन्हींत तातडीनं हॉस्पिटल गाठायचं आणि गोळ्यांच्या पट्ट्या दाखवायच्या. पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका. थरथर कमी करायला दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलनं घाम कमी येतो, शरीर तापतं, शिवाय लघवी अडते आणि बद्धकोष्ठ होतं. दुपारी अशा माणसाला बाहेर पाठवू नका. कूलरची हवा त्याच्या खोलीत पोहोचते का, तेही बघा.

मूडच्या टोकाच्या चढउतारांवर दिल्या जाणाऱ्या लिथियमचं तर उन्हाळ्याशी सरळ नातं आहे. हे औषध शरीरातल्या पाणी आणि मिठाच्या बरोबरीनं वागतं. जुलाब, उलट्या, घामाघूम होणं, निर्जळी उपवास, ब्लडप्रेशरसाठी अचानक मीठ तोडणं यांनी रक्तातलं लिथियम चढतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांनीही चढतं, म्हणून गुडघा दुखला की मेडिकल स्टोअरमधून गोळी आणून देऊ नका. रोजचं मीठ रोजच्याइतकंच ठेवा, पाणी वेळेवर द्या, आणि उपवास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

लिथियमवर असलेल्यांचे हात आमच्या नर्स अधूनमधून बघतात: दोन्ही हात समोर लांब करायला लावून बोटांवर कोरा कागद ठेवतात. कागदाची कड जेमतेम हलली तर ते पुष्कळांना होतं, नोंद करायची आणि पुढच्या भेटीत सांगायचं. पण कप ओठांपर्यंत नेताना चहा सांडतोय, जीभ जड झालीय, चालताना झोक जातोय, जुलाब-उलट्या आहेत, माणूस सुस्त किंवा गोंधळलेला आहे, तर पुढची गोळी थांबवून ताबडतोब दवाखाना. रक्तातली लिथियमची पातळी (रिपोर्टवर mEq/L किंवा mmol/L) साधारण ०.६ ते १.० दरम्यान ठेवतात, १.५ च्या पुढे विषबाधेची भीती असते. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं असतं, त्यामुळे त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावरच. किडनी आणि थायरॉइडच्या तपासण्याही चुकवू नका.

अंगावर पुरळ आलं की उन्हाळ्यात घामोळं म्हणून पावडर लावली जाते. लॅमोट्रिजिन किंवा कार्बामाझेपिन नव्यानं सुरू असेल तर तसं करू नका. पहिल्या दोन महिन्यांत आलेलं पुरळ डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. सोबत ताप, तोंडात फोड किंवा लाल डोळे असतील तर रात्र असली तरी निघा.

बाकी औषधांबद्दल थोडक्यात

क्लोझापिनवर (हेही भासांवरचंच औषध) असताना ताप किंवा घसादुखी आली तर त्याच दिवशी रक्ताची तपासणी लागते, कारण पांढऱ्या पेशी घसरू शकतात. बद्धकोष्ठही हलक्यात घेऊ नका. तीन दिवस शौचाला झालं नाही तर कळवा. बिडी-सिगारेट अचानक सोडली तर क्लोझापिनची रक्तातली पातळी वाढते. हा परिणाम धुराचा आहे, खर्रा सोडल्यानं तसं होत नाही. म्हणून काय सोडलं ते डॉक्टरांना नेमकं सांगा.

उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात येते, आणि इथेच पुष्कळ जण गोळी सोडतात. तरुण पेशंटमध्ये सुरुवातीला बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढतात का, यावर लक्ष ठेवा. वयस्कर माणूस अचानक गोंधळला किंवा पडला तर रक्तातलं सोडियम तपासून घ्या, या गोळ्यांनी ते घसरू शकतं. क्लोनाझेपाम, लोराझेपाम या झोपेच्या-घाबरेपणाच्या गोळ्या एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते, आणि दारूसोबत घेतल्यास श्वास मंदावू शकतो. झोपेतून उठताना आधी पलंगाच्या कडेला बसवा, मग उभं करा.

आम्ही दिलेल्या वहीत तारीख, वेळ आणि जे दिसलं ते साध्या शब्दांत लिहा: "रात्री नऊला गोळी, अकरापासून फेऱ्या." पेशंटला मेडिकलला दाखवत असाल, मेयोला, मिहानच्या एम्सला, प्रादेशिक मनोरुग्णालयात किंवा खासगी डॉक्टरांकडे, ही वही, चिठ्ठ्या आणि रिकाम्या पट्ट्यासुद्धा सोबत न्या. मन मोकळं करायला किंवा सल्ल्यासाठी टेली-मानसचा मोफत नंबर १४४१६ दिवसरात्र चालू असतो. आमचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर आहे.