वीजबिलाची तक्रार मंचात का टिकत नाही: मुदत, कागद आणि कलम १२६

वीज कायदा २००३ च्या कलम ४२(५) नुसार प्रत्येक वितरण परवानाधारकाला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच चालवावाच लागतो. मग परवानाधारक महावितरणसारखी सरकारी कंपनी असो, अदानी-टाटांसारखी खासगी असो किंवा बेस्टसारखा पालिकेचा उपक्रम असो. ग्राहकच सभासद असलेल्या सहकारी संस्थेलाही यातून सूट नाही. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था २०११ च्या जानेवारीपर्यंत वितरण करत होती, तीही महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या अखत्यारीतच. मंच, त्यावरचे विद्युत लोकपाल आणि दोघांची कार्यपद्धती आयोगाच्या विनियमांनी ठरते. सध्या २०२० चे विनियम लागू आहेत.

एक गैरसमज आधीच दूर करू. हा मंच म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग नव्हे. लोक दोन्हीला ‘ग्राहक मंच’ म्हणतात आणि घाईत दोन्हीकडे अर्ज करून बसतात. तेच गाऱ्हाणं दुसऱ्या न्यायालयात किंवा आयोगापुढे चालू असेल, तर वीज मंच ते ऐकत नाही. एकच दार निवडा.

तक्रार कोण करू शकतो, यावर खिडकीवर बरेच जण अडवले जातात. बिल आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, नाव बदलायचं राहून गेलेलं. ‘तुम्ही ग्राहकच नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. कायद्याच्या कलम २(१५) मधल्या व्याख्येत ज्याची जागा विजेसाठी जोडलेली आहे तोही ग्राहक आहे. वारस असाल तर मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा लावा, भाडेकरू असाल तर भाडेकरार लावा. दुसऱ्या कुणाला पाठवणार असाल तर सहीचं अधिकारपत्र हवं. नाव बदलण्याचा अर्ज वेगळा करा, पण तो मंजूर होईपर्यंत तक्रार थांबवू नका, कारण मुदत तुमच्यासाठी थांबत नाही.

सगळ्यात जास्त तक्रारी जातात त्या या मुदतीपायी. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचात गाऱ्हाणं दाखल व्हायला हवं. वाद पुरवणी बिलाचा, म्हणजे मागच्या महिन्यांचा फरक नंतर मागणाऱ्या बिलाचा असेल, तर घड्याळ सुरू होतं ते बिल हाती आल्यापासून. लोक वर्षभर उपविभागात चकरा मारतात, ‘पुढच्या महिन्यात दुरुस्त होऊन येईल’ यावर विश्वास ठेवतात आणि शेवटच्या अर्जापासून दोन वर्षं मोजतात. पत्रं लिहीत राहिल्याने मुदत वाढते असं अजिबात गृहीत धरू नका. साहेबांचं तोंडी आश्वासन तर मोजणीतच येत नाही. माणसांना ताटकळत ठेवायचं आणि मग मुदत संपली म्हणायचं, हा अन्याय आहे. पण निकाल लागतो तो तारखेवर.

दुसरी अडचण कलम १२६ ची. घरगुती जोडणीवर पुढच्या खोलीत दुकान, शेतीपंपाच्या जोडणीवर दुसराच वापर, असं आढळलं की अनधिकृत वापर धरून त्या वापराच्या दराच्या दुप्पट आकारणी होते. कालावधी ठरवता आला नाही तर बारा महिन्यांची. हे प्रकरण मंचाच्या कक्षेबाहेर आहे. वीजचोरीची कलमं १३५ ते १३९ आणि अपघाताची १६१ हीसुद्धा बाहेर. १२६ चा आधी तात्पुरता आदेश येतो, त्यावर लेखी हरकत घ्यायची असते. अंतिम आदेशाविरुद्ध अपील ३० दिवसांत, विद्युत निरीक्षकांकडे, आणि आकारलेल्या रकमेची निम्मी रक्कम भरून. कधी कधी साध्या मीटरबिघाडाच्या वसुलीवरही १२६ चा शिक्का बसतो. प्रकरण खरोखर त्या कलमात बसतं का, हे मंच प्रथमदर्शनी तपासू शकतो. पण त्या भरवशावर ३० दिवस घालवले आणि मंचाने नाही म्हटलं, तर दोन्हीकडून हात रिकामे. नोटिशीवर कलमाचा आकडा कोणता, हे ती हाती पडल्या दिवशीच वाचा.

‘दोन वर्षांपूर्वीचं बिल मागताच येत नाही’ असंही सर्रास सांगितलं जातं. कलम ५६(२) इतकं सरळ नाही. चुकीमुळे कमी आकारलेल्या रकमेचं बिल नंतर काढता येतं, मात्र त्या जुन्या रकमेसाठी वीज तोडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२० च्या निकालात म्हटलं. म्हणजे तुमचा अर्ज नुसत्या ५६(२) वर उभा असेल तर तो डळमळीत आहे.

मीटर सदोष असेल तर पाय अधिक भक्कम असतो. आयोगाच्या वीजपुरवठा संहितेप्रमाणे सदोष मीटरची बिल-दुरुस्ती वाद उद्भवलेल्या महिन्याच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती होते, आणि तीही चाचणी अहवालावरून. मीटर बंदच पडला असेल तरी मर्यादा तीनच महिन्यांची, आधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीने. चौदा महिन्यांचा फरक एकदम मागितला असेल तर हा मुद्दा पहिला लिहा. चाचणीचा अर्ज मात्र लेखी द्या आणि शुल्काची पावती जपा. मीटर बदलून जुना घेऊन गेल्यावर चाचणी मागण्यात दम राहत नाही, म्हणून मीटर काढताना अनुक्रमांक आणि शेवटचं रीडिंग दिसेल असा फोटो काढा.

आता तो कागद, जो बहुतेकांकडे नसतो: सीपीएल, म्हणजे ग्राहकाचा महिनावार खातेउतारा. प्रत्येक महिन्याचं मागचं-चालू रीडिंग, युनिट, मीटरची स्थिती आणि जमा रक्कम त्यात असते. सरासरी बिलं किती महिने लावली, रीडिंग कधी एकदम उडी मारून गेलं, हे बिलांच्या गठ्ठ्यापेक्षा त्यात स्वच्छ दिसतं. उपविभागाकडे लेखी मागा. महावितरणकडून मिळाला नाही तर माहिती अधिकारात मागा. तो यायला वेळ लागेल म्हणून मंचाचा अर्ज अडवून ठेवू नका, नंतर जोडता येतो.

दुसरा हरवणारा कागद म्हणजे पोच. मंचाआधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार गेलेली हवी, आणि तिच्या तुमच्याकडच्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख हवी. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. फोनवरचा तक्रार क्रमांक जोडा, पण त्यावरच विसंबू नका.

मंचाचा अर्ज विनियमांना जोडलेल्या अनुसूची ‘अ’ च्या नमुन्यात. ग्राहक क्रमांक, वादातली बिलं, पत्रव्यवहार जोडला की झालं. मागणी मात्र नेमकी लिहा. ‘योग्य न्याय मिळावा’ यावरून मंच काय आदेश देणार? कोणत्या महिन्याचं, किती रुपयांचं बिल रद्द करायचं आणि कोणत्या आधाराने नवं काढायचं, हे आकड्यांत लिहा. मंचाने साधारणपणे ६० दिवसांत निकाल द्यायचा असतो.

तोवर वीज तुटेल ही भीती रास्त आहे. तोडण्याआधी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस बंधनकारक आहे. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी ती ‘निषेध नोंदवून’ भरली, तर वाद मिटेपर्यंत कलम ५६(१) खाली वीज तोडता येत नाही. हे शब्द भरण्याच्या पत्रावर लिहा, पोच घ्या. मंचाकडे अंतरिम आदेशही मागता येतो, पण तो अर्जात स्वतंत्रपणे मागावा लागतो.

निकाल विरुद्ध गेला तर विद्युत लोकपालांकडे अनुसूची ‘ब’ मध्ये निवेदन करता येतं. कार्यालयं दोन, मुंबई आणि नागपूर. तुमच्या मंचाचा भाग कोणाकडे येतो ते आधी बघा. मुदत ६० दिवस, मंचाच्या आदेशाच्या तारखेपासून. प्रत पोस्टाने उशिरा आली असेल तर पाकीट टाकू नका, त्यावरची तारीख उशिराचं कारण दाखवायला लागते. आदेशात तुम्ही रक्कम भरायची असं ठरलं असेल, तर तिची निम्मी किंवा २५,००० रुपये, यांतली जी कमी असेल ती अनामत ठेवावी लागते. ती भरलेली नाही म्हणून निवेदन अडकू शकतं, तेव्हा पैशांची सोय साठाव्या दिवसावर ढकलू नका.