जीवाणूंची ‘तार’: एका शब्दाची पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खाडीत ओहोटीला तिसऱ्या काढायला उतरलेल्याला हा चिखल चांगला माहीत असतो. वर तांबूस, बोटभर खाली काळाकुट्ट, कुजक्या अंड्याचा वास. जांभ्यावरून पावसात धुऊन आलेलं लोह इथेच साठतं. काळा रंग आणि वास ही मुख्यतः सल्फेटवर जगणाऱ्या जीवाणूंची करणी. पण अशा बिनहवेच्या गाळात आणखी एक जात तग धरते. आपल्या पेशी श्वसनात इलेक्ट्रॉन प्राणवायूला देतात; ती ते थेट लोहाच्या कणावर टाकते. प्राणवायू पेशीत शिरतो, गंजाचा कण शिरत नाही. म्हणून इलेक्ट्रॉनलाच बाहेर यावं लागतं.

जीवाणूंपासून वीज मिळते हे १९११ मध्येच दिसलं होतं. लोहावर जगणारे दोन प्रसिद्ध जीवाणू, जिओबॅक्टर आणि श्युवानेला, अमेरिकेतल्या अनुक्रमे पोटोमॅक नदीच्या आणि ओनायडा तलावाच्या गाळातून १९८७-८८ च्या सुमारास पुढे आले. खरा गुंता २००५ चा.

त्या वर्षी जिओबॅक्टरच्या अंगावरचे केसासारखे तंतू, म्हणजे पिली, वीज वाहतात असं जाहीर झालं आणि त्यांना ‘नॅनोवायर’ नाव पडलं. पुढे याच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू आल्या. २०१४ मध्ये श्युवानेलाची ‘तार’ तपासली, तर ती पिली नव्हतीच. पेशीचं बाहेरचं आवरणच लांब ओढलं गेलेलं होतं, सायटोक्रोमसकट, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या प्रथिनांसकट. २०१९ मध्ये जिओबॅक्टरच्या तंतूची रचना अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उलगडली. तो एकामागोमाग जोडलेल्या सायटोक्रोमचा निघाला. प्रत्येकात सहा हीम, म्हणजे लोहाचा अणू धरून बसलेले गट, शेजारच्या दोघांतलं अंतर साधारण ०.३५ ते ०.६ नॅनोमीटर. २०२१ मध्ये पिलीचीही रचना मिळाली. त्यांचं काम सायटोक्रोम बाहेर ढकलण्याचं असावं, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. पिलीच्या बाजूचे लोक अजून मागे हटलेले नाहीत. पिलीतली काही अमिनो आम्लं बदलली की वहन घटतं, हा त्यांचा मुद्दा. पण पिली ढकलण्याचं काम करत असतील, तर त्यांच्यातल्या बदलाने सायटोक्रोमच बाहेर येणार नाहीत. त्यामुळे तो पुरावा मला निर्णायक वाटत नाही.

मला जास्त खटकतो तो ‘तार’ हा शब्द. तार म्हटलं की तांब्याची, निपचित पडलेली वस्तू डोळ्यांसमोर येते. प्रथिन तसं नसतं. बांधकामावर माणसं रांगेत उभी राहून चिरे हातोहात पुढे देतात, तसा इलेक्ट्रॉन एका हीमवरून दुसऱ्यावर जातो. हाताची पोच साधारण १.४ नॅनोमीटर. त्यापलीकडे हस्तांतरण इतकं मंदावतं की पेशीचं भागत नाही. मग देणाऱ्यालाच चालत जावं लागतं. हे १९९८ च्या आसपास बीसी-१ या श्वसनातल्या प्रथिनांच्या संकुलात स्पष्ट दिसलं. तिथलं लोह-गंधकाचं डोकं सुमारे दोन नॅनोमीटर सरकून इलेक्ट्रॉन पोचवतं आणि परत येतं. रचना आधी प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियातून मिळाली. जीवाणूंच्या संकुलात या डोक्याच्या मानेचा सांधा आखडवला, तर काम अडतं हेही दिसलं.

म्हणून २०१९ चं चित्र मी जपूनच वाचतो. ते गोठवलेल्या तंतूचं आहे. रांगेतली माणसं त्यात दिसतात, हात हलताना दिसत नाहीत. मराठीत लिहिताना मी ‘हीमची रांग’ म्हणतो.