कॉकटीलच्या पिलाचे चावणे व लळा

कॉकटील (निम्फिकस हॉलंडिकस) हा काकाकुवाच्या कुळातील सर्वांत लहान पक्षी. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. लांबी ३० ते ३३ सेंमी., वजन १०० ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडे दुकानांत त्याला सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात. मराठी घरात पोपट म्हटले की कंठवाला राघूच डोळ्यांसमोर येतो. पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार देशी पोपट पाळणे गुन्हा आहे. त्यामुळे राघूच्या पिंजऱ्यात आता कॉकटील, लव्हबर्ड, बजरीगर अशा परदेशी जाती दिसतात. पिलू घरी आणल्यावर नवख्या पालकाची पहिली तक्रार बहुधा एकच असते : ते चावते.

पोपटवर्गीयांना चोच हाताचे काम देते. वरची चोच कवटीशी सांध्याने जोडलेली असल्याने हलते; दाणा सोलायला आणि चढताना तिसऱ्या पायासारखी ती उपयोगी पडते. नवी वस्तू दिसली की पिलू ती चोचीत धरून मांसल जिभेने चाचपते. बोटावर चढण्यापूर्वीही ते बोट आधी चोचीने धरून बघते. ही फांदी आपला भार पेलेल का, एवढाच त्याचा प्रश्न असतो. माणूस मात्र ‘चावलं!’ म्हणून हात झटकतो. फांदी डळमळीत निघाली, म्हणून पुढच्या वेळी पिलू अधिक घट्ट पकडते. शिवाय चावले की नकोसा हात दूर होतो, हा धडाही त्याला मिळतो. ‘जातच चिडकी’ असा शिक्का बसलेले कितीतरी पक्षी असे माणसानेच घडवलेले असतात.

कॉकटील चावण्याआधी सांगतो, आणि ते सांगायला त्याच्याकडे तुरा आहे. तुरा सैल, किंचित मागे झुकलेला असेल तर पक्षी निवांत आहे. ताठ उभा राहिला तर तो दचकला आहे किंवा कशाने तरी चकित झाला आहे. तुरा डोक्याला चिकटवून, अंग पुढे झुकवून, चोच उघडून फिसकारू लागला तर हात तिथेच थांबवावा. ही सूचना मानली गेली तर चावण्याची वेळच येत नाही. वारंवार डावलली गेली, तर पक्षी फिसकारणे सोडून थेट चावायला लागतो.

तरी चावलेच, तर ओरडू नये. पोपटांना गोंगाट आवडतो. आरडाओरडा त्यांना बक्षिसासारखा वाटू शकतो. चोचीवर टिचकी मारणे, हात हलवून पक्ष्याचा तोल घालवणे हे उपाय अजूनही सांगितले जातात. त्यांतून पक्षी फक्त हाताला भ्यायला शिकतो. पिलाला शांतपणे जवळच्या दांडीवर ठेवावे, काही क्षण पाठ फिरवावी आणि पुन्हा सुरुवात करावी. हातावर घेताना बोट पायांच्या जरा वर, पोटाला अलगद टेकवावे; पिलू चढले की राळ्याच्या कणसाचे दोन दाणे द्यावेत. पाच-दहा मिनिटांचे असे दोन-तीन धडे दिवसभरात पुरतात. कुरतडण्याची हौस भागवायला मऊ लाकूड किंवा नारळाच्या झावळीची पट्टी द्यावी, म्हणजे बोटे वाचतात.

लळ्याबद्दल एक गैरसमज बाजारात पक्का आहे : पिलू दोन-तीन आठवड्यांचे असताना आईबापांपासून काढून सिरिंजने भरवले, तरच ते माणसाळते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी नारंगी पंखांच्या ॲमेझॉन पोपटांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आईबापांनीच वाढवलेली पण माणसाने नियमित हाताळलेली पिलेही माणसाळलेली आढळली. कॉकटीलमध्ये नर-मादी दोघे अंडी उबवतात, दोघे भरवतात. पिलू साधारण आठ ते दहा आठवड्यांनी स्वतः नीट खाऊ लागते. त्याआधी ते विकत घेऊ नये. अननुभवी हाताने भरवलेले गरम खाद्य अन्नपिशवी भाजू शकते, आणि घास श्वासनलिकेत गेला तर पिलू दगावते.

वयात येताना लळ्याचे रूप बदलते. पाठ व पंखांखालचा भाग कुरवाळणे पक्ष्याला जोडीदाराचे आमंत्रण वाटते. मग तो त्या एकाच माणसाला आपला मानतो, त्याला अन्न ओकून भरवू पाहतो आणि जवळ येणाऱ्या दुसऱ्यांवर धावून जातो. म्हणून कुरवाळणे डोके व मानेपुरते ठेवावे, दाणा-पाणी घरातल्या सर्वांनी आळीपाळीने द्यावे. रात्री दहा-बारा तास अंधार मिळू द्यावा. लांबलेला उजेड आणि कपाटाखालचे अंधारे कोपरे दोन्ही विणीची ओढ वाढवतात. एरवी शांत असलेला पक्षी अचानक चावू लागला आणि त्यासोबत पिसे फुगवून बसत असेल किंवा खाणे कमी झाले असेल, तर शिकवणी बाजूला ठेवून त्याला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. आजार लपवण्यात हे पक्षी पटाईत असतात.