लाकडी पट्ट्यांनी सिंथेसायझरचा आवाज 'वॉर्म' होतो का?

'दोन्ही बाजूंना खऱ्या लाकडाच्या पट्ट्या असलेल्या सिंथेसायझरचा आवाज जास्त भरीव, वॉर्म येतो,' असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलंय.

समज कुठून आला ते कळण्यासारखं आहे. १९७० सालच्या मिनीमूग या सिंथेसायझरची पेटी लाकडी होती, आणि त्याचा आवाज आजही नावाजला जातो. शिवाय आपल्या कानाला हार्मोनियमची सवय. तिथे लाकडी पेटीतली हवा आणि फळ्या आवाजात खरोखर भाग घेतात.

सिंथेसायझरमध्ये मात्र सूर म्हणजे विजेचा सिग्नल. ऑसिलेटर तो तयार करतो, फिल्टर त्याला घडवतो आणि मागच्या जॅकमधून तो केबलने बाहेर पडतो. वाटेत लाकूड लागतच नाही. मिनीमूगचा भरीवपणा त्याच्या तीन ऑसिलेटर्सचा आणि ट्रान्झिस्टर फिल्टरचा. उलट १९८४ चा जुनो-१०६ हा सिंथेसायझर घ्या: लाकडाचा तुकडा नाही, तरी वॉर्म म्हणून वाखाणला जातो.

पडताळायचं असेल तर लाइन-आउटमधून (म्हणजे त्या मागच्या जॅकमधून) एकच सूर, एकाच सेटिंगवर, दोनदा रेकॉर्ड करा. मग विजेचा प्लग काढून कडेच्या पट्ट्यांचे स्क्रू सोडवा आणि पुन्हा रेकॉर्ड करा. अ‍ॅनालॉग वाद्य तापलं की सूर किंचित सरकतो, म्हणून आधीची दोन रेकॉर्डिंग हवीतच. नाहीतर तो फरक लाकडाच्या नावावर जमा होईल.

अंगचे स्पीकर असलेल्या कीबोर्डचं वेगळं. तिथे खोक्याची थरथर ऐकू येते. पण तिथेही हेडफोन लावला की खोकं बाजूलाच पडतं. बाकी अक्रोडाची पट्टी दिसते देखणी, आणि त्यासाठी दोन पैसे जास्त मोजायला माझी हरकत नाही.