चोवीस पडदे आणि उरलेले सहा इंच

गेल्या महिन्यात माझा भाचा एक वही घेऊन घरी आला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या या मुलाला स्वतःची इलेक्ट्रिक गिटार स्वतःच्या हाताने बनवायची आहे, आणि वहीच्या पहिल्या चार पानांवर त्याने केवळ लाकडांची नावे व भाव उतरवून काढले होते. "मामा, आवाज सगळा लाकडात असतो, त्यामुळे निम्मे पैसे तिथेच जाणार," असे त्याने मला ठामपणे ऐकवले. पोकळ पेटीच्या साध्या गिटारीबद्दल तो हे म्हणाला असता तर मी मान डोलावली असती, कारण तिथे तारेची थरथर लाकडी पट्टीला मिळते आणि ती पट्टी खोलीतली हवा हलवते. भरीव ठोकळ्याच्या इलेक्ट्रिक गिटारीत मात्र हवा हलवण्याचे काम लाकडाकडे नसतेच, ते ध्वनिवर्धकाकडे असते. मग लाकडाने आवाज द्यायचा तरी कुठून?

उत्तरादाखल मी त्याला १९६३ सालच्या एका घरगुती गिटारीची हकीकत सांगितली. लंडनच्या पश्चिमेकडील फेल्टम येथे राहणारा १६ वर्षांचा ब्रायन मे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार असलेले त्याचे वडील हॅरोल्ड यांनी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, दुकानातली नामवंत गिटार परवडत नाही म्हणून, घरातच गिटार बनवायला घेतली. तिची नेक, म्हणजे मान, एका जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून कोरून काढलेली आहे, आणि त्या लाकडाला वाळवीसारख्या किड्याने पाडलेली भोके आगपेटीतल्या काड्या ठोकून बुजवलेली आहेत. बॉडीत एका जुन्या टेबलाचे ओक आणि साधा ब्लॉकबोर्ड असून वरून महोगनीचा पातळ पापुद्रा चिकटवलेला आहे. फ्रेटबोर्डावरच्या, म्हणजे पडदे बसवलेल्या पट्टीवरच्या, खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे घासून बसवली गेली. सुमारे २ वर्षे काम चालले आणि खर्च ८ पौंडांच्या आसपास आला. पुढे हीच गिटार 'रेड स्पेशल' या नावाने क्वीन या वाद्यवृंदाबरोबर जगभर फिरली. (या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारुख बुलसारा, पाचगणीच्या शाळेत शिकलेला होता.) ब्रायन मे यांनी भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले होते, आणि राशिचक्राच्या पट्ट्यात पसरलेल्या आंतरग्रहीय धुळीवरचा आपला अर्धवट राहिलेला प्रबंध पूर्ण करून त्यांनी २००७ साली डॉक्टरेटही मिळवली. त्या राशिचक्राचा राशिभविष्याशी काडीचाही संबंध नाही, हे आमच्या घरातल्या काही मंडळींना मला स्वतंत्रपणे समजावावे लागले.

गिटारीचा आराखडा लाकडापासून नव्हे, तर एका अंतरापासून सुरू होतो. नट आणि ब्रिज, म्हणजे सतारीच्या भाषेत मेरू आणि घोडी, यांच्यामधल्या तारेच्या कंप पावणाऱ्या लांबीला स्केल म्हणतात. फेंडर या कंपनीच्या प्रसिद्ध गिटारींत ती २५.५ इंच असते, मे यांनी २४ इंच ठेवली. दीड इंचाचा फरक किरकोळ वाटतो, पण तारेची जाडी आणि स्वर तोच ठेवला तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे २४ इंचांवर तीच तार सुमारे ११ टक्के सैल राहते आणि बोटाने ओढायला सोपी जाते. लांबी ठरली की पडद्यांच्या जागा आपोआप ठरतात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे रागाप्रमाणे सरकवता येतात, पण गिटारीचे फ्रेट लाकडात ठोकून बसवलेले असल्याने सप्तकाचे १२ समान भाग करण्याखेरीज गत्यंतर नसते. प्रत्येक पायरीला वारंवारता २च्या बाराव्या मुळाने, म्हणजे १.०५९४६ने वाढते. व्यवहारात उरलेल्या लांबीला १७.८१७ने भागले की पुढच्या फ्रेटचे अंतर मिळते. २४ इंच म्हणजे ६०९.६ मिलिमीटर, म्हणून पहिला फ्रेट नटपासून ३४.२ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्यासाठी १८ हा सोपा भाजक सुचवला होता. तो वापरला तर आपल्या या गिटारीवर बारावा फ्रेट मध्यापासून २ मिलिमीटरहून थोडा जास्त चुकतो. मी भाच्याला एवढेच बजावले की प्रत्येक फ्रेटची खूण नटपासून मोजून करायची, आधीच्या फ्रेटपासून नव्हे, नाहीतर पट्टीची अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरची चूक २४ वेळा साठत जाते.

मे यांनी २४ फ्रेट बसवले. चोविसावा फ्रेट म्हणजे दोन सप्तके, म्हणजे ब्रिजपासून मोजल्यास तारेची उरलेली पाव लांबी, म्हणजे बरोबर ६ इंच. गिटारीचा आवाज कोणता असेल हे त्या ६ इंचांत ठरते, आणि म्हणून मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त रस तिथेच आहे.

कारण तिथेच तारांखाली पिकअप बसतात. तारेच्या हालचालीचा विद्युत संकेत करणारी ही वस्तू अगदी साधी असते. लहान चुंबकांभोवती तांब्याच्या इनॅमल चढवलेल्या तारेचे काही हजार वेढे दिलेले असतात आणि ती तार केसाहूनही बारीक, साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची असते. भाच्याने ती तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मागितली तेव्हा तिथल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवून, "बाळा, ही तार आहे का कोळ्याचं जाळं?" असे विचारले. चुंबक आपल्या वरच्या पोलादी तारेच्या तुकड्याला तात्पुरते चुंबकत्व देतो, तो तुकडा हलला की वेढ्यांतून जाणारा चुंबकीय प्रवाह कमीजास्त होतो, आणि फॅरडेने १८३१ साली दाखवल्याप्रमाणे वेढ्यांत विद्युत दाब निर्माण होतो. नायलॉनची तार लावली तर पिकअप मौन पाळतो. त्याला आवाज ऐकू येत नाही, त्याला केवळ लोखंडाची हालचाल कळते, आणि तीही फक्त आपल्या डोक्यावरच्या बोटभर तुकड्याची.

हे 'बोटभर तुकड्याची' महत्त्वाचे आहे. छेडलेली तार एकाच वेळी अनेक प्रकारे हलत असते: संपूर्ण लांबीने हलते तो मूळ स्वर, दोन भागांत हलते तो दुप्पट वारंवारतेचा दुसरा उपस्वर, तीन भागांत हलते तो तिसरा, असे पुढे. प्रत्येक उपस्वराचे काही बिंदू स्थिर असतात, त्यांना शाळेत आपण निस्पंद म्हणून शिकलो. पिकअप ज्या उपस्वराच्या निस्पंदाखाली बसला असेल तो उपस्वर त्याला दिसतच नाही. ब्रिजपासूनचे अंतर क्ष आणि तारेची लांबी ल मानली, तर न क्रमांकाच्या उपस्वराचा पिकअपला मिळणारा वाटा १८० अंश गुणिले न गुणिले क्ष भागिले ल, या कोनाच्या साइनइतका असतो. सोयीसाठी एक पिकअप लांबीच्या दहाव्या भागावर आणि दुसरा पाचव्या भागावर आहे असे धरू (हे आकडे माझ्या हिशेबासाठी आहेत, मे यांच्या गिटारीचे नव्हेत). मोकळ्या तारेच्या मूळ स्वराचा पहिल्याला ०.३१ आणि दुसऱ्याला ०.५९ इतका वाटा मिळतो. दोन्ही जोडले तर बेरीज ०.९० होते. आता एका पिकअपची दोन टोके उलटी जोडली, की त्याच्या लाटेचा उंचवटा खड्डा होतो आणि खड्डा उंचवटा, यालाच कला उलटणे म्हणतात. बेरजेच्या जागी वजाबाकी आल्याने मूळ स्वर ०.२८वर घसरतो. सातव्या उपस्वराचे मात्र नेमके उलट होते. पहिल्या पिकअपखाली तो अधिक ०.८१ आणि दुसऱ्याखाली उणे ०.९५ असतो, म्हणून सरळ जोडणीत तो जवळजवळ नाहीसा होतो आणि उलट जोडणीत १.७६ इतका उफाळून येतो. भरदार स्वर बारीक, नाकातला आणि धारदार होतो तो असा. यात लाकूड कुठेही बदललेले नाही, केवळ दोन वायरींची अदलाबदल झाली आहे.

मे यांनी आपल्या तीनही पिकअपना प्रत्येकी दोन सरकते खटके दिले, एक चालू-बंद करण्याचा आणि एक कला उलटण्याचा. यातून वेगवेगळे ऐकू येणारे आवाज किती मिळतात हा एक छान शालेय प्रश्न आहे. एकेकट्या पिकअपची कला उलटली तरी कानाला फरक कळत नाही, म्हणून त्यांचे ३. दोघांच्या ३ जोड्या आणि प्रत्येकीत सरळ किंवा उलट, म्हणून ६. तिघे मिळून ४. एकूण १३. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली बाजारात आली तेव्हा तिचा निवडखटका तीनच जागांवर थांबत असे, हे लक्षात घेतले म्हणजे पोरसवदा ब्रायनची झेप कळते.

शिवाय त्यांची जोडणी एकसर आहे, म्हणजे एका पिकअपमधून निघालेला विद्युत प्रवाह दुसऱ्यातून जातो. त्यामुळे दाबांची बेरीज होते, तशीच वेढ्यांच्या प्रवर्तकतेचीही, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला ते करत असलेल्या विरोधाचीही, होते. पिकअपची प्रवर्तकता आणि गिटारीपासून ध्वनिवर्धकापर्यंत जाणाऱ्या केबलची धारकता, म्हणजे विद्युत भार साठवण्याची क्षमता, मिळून एका ठरावीक वारंवारतेला उठाव देणारे अनुनादी मंडल बनते, आणि त्याची वारंवारता प्रवर्तकता व धारकता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. अडीच हेन्रीचा एक पिकअप आणि ५०० पिकोफॅरडची केबल घेतली तर अनुनाद ४५०० हर्ट्झच्या जवळ येतो. तसेच दोन पिकअप एकसर जोडले की तो ३२०० हर्ट्झच्या खाली उतरतो, आणि त्यापलीकडचे सारे वेगाने मंदावत जाते. थोडक्यात, लांब केबल लावली तरी आवाज बदलतो. इथवर पोहोचेपर्यंत भाच्याची नजर खिडकीबाहेर गेली होती, म्हणून मी कागद आवरला.

पहिल्या प्रयत्नात सगळे साधते असेही नाही. मे यांनी आधी पिकअपही घरीच बनवले होते, वेढे देण्यासाठी हाताने फिरवायचे यंत्रसुद्धा तयार केले होते. मात्र त्यात शेजारशेजारच्या चुंबकांचे ध्रुव आलटूनपालटून, एक उत्तर तर पुढचा दक्षिण, असे आले. सरळ वाजवताना हे जाणवत नाही. पण बोटाने तार आडवी ओढली की ती एका ध्रुवाच्या अंमलातून विरुद्ध ध्रुवाच्या अंमलात शिरते, मधल्या जागेत तिचे चुंबकत्व शून्याजवळ येते आणि ऐन मींडेत स्वर विचित्र होतो. अखेर त्यांनी बर्न्स कंपनीचे तयार ट्राय-सॉनिक पिकअप विकत घेतले, आणि कर्कश शीळ घालू नये म्हणून त्यांचे वेढे अरल्डाइट ओतून पक्के केले.

गिटारीचा स्वर हातदांड्याने खालीवर करणारा भाग तर मला मनापासून आवडतो. तारांची मागची टोके धरणारी पोलादी पट्टी सुरीच्या धारेवर तोललेली आहे, आणि तारांच्या ओढीला विरुद्ध बाजूने १९२८ सालच्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा पेलतात. हलक्या सहा तारांची एकत्रित ओढ साधारण ३५ किलो वजनाइतकी असते. हा समतोल ढळून पुन्हा नेमक्या जागी यायचा, तर घर्षण नको. तार कुठेही किंचित अडकली तरी ती परत येताना पूर्वीच्या ताणावर पोहोचत नाही आणि गिटार बेसूर होते. म्हणून धार, म्हणून ब्रिजवर छोटी चाके, आणि म्हणूनच नटच्या खाचेत तारा दाबून धरण्याऐवजी त्यांना टेकायला नटलगतचा जादा, म्हणजे शून्यावा फ्रेट. दांडा सायकलच्या मागच्या पिशवीच्या आधाराचा आहे आणि त्याचे टोक आईच्या विणकामाच्या सुईचे.

आता लाकूड. त्याचा काहीच परिणाम नाही असे मी म्हणणार नाही, कारण नेक लवचीक असेल तर ती तारेची काही ऊर्जा खाते आणि काही स्वर लवकर विरतात. शिवाय वजन, टिकाऊपणा, हाताला लागणारा पोत, दमट हवेत वाकणे या साऱ्यांसाठी चांगले, नीट मुरलेले लाकूड हवेच. परंतु पिकअप अर्धा इंच सरकवल्याने जो फरक पडतो त्याच्यापुढे हा परिणाम फार लहान आहे. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाजारात आलेल्या रिकनबॅकर कंपनीच्या 'फ्राइंग पॅन' या आद्य इलेक्ट्रिक गिटारीची बॉडी ओतीव अॅल्युमिनियमची होती, आणि तिच्या रचनेचे पेटंट जॉर्ज बोशॅम्प यांना १९३७ साली मिळाले. शंभर वर्षे जुन्या झाडाच्या 'गाणाऱ्या' लाकडाच्या जाहिराती वाचताना हे आठवावे. जुन्या लाकडाचा एवढा महिमा असता तर आपल्या वाड्यांच्या तुळया एव्हाना गायला लागल्या असत्या. चोविसाव्या फ्रेटच्या जागीच पिकअप हवा, तिथे 'गोड' उपस्वर असतो, हाही असाच एक समज आहे. ती पाव लांबीची जागा म्हणजे मोकळ्या तारेच्या चौथ्या उपस्वराचा निस्पंद, पण पहिल्या फ्रेटवर बोट ठेवले की तार आखूड होते, निस्पंद ब्रिजकडे सरकतो आणि पिकअप मात्र स्क्रूने जागीच बसलेला असतो.

परवा भाचा पुन्हा आला, आणि या वेळी वहीऐवजी गुंडाळलेला आलेख-कागद होता. त्यावर त्याने २५.५ इंचांची तार खऱ्या मापात आखून त्यावर तीन पिकअपच्या चौकटी पुठ्ठ्यातून कापून सरकत्या ठेवल्या होत्या. २४ फ्रेट काढल्यावर ब्रिजपर्यंत १६२ मिलिमीटर उरत होते आणि पुढचा, म्हणजे नेककडचा, पिकअप त्याला हवा तितका ब्रिजपासून दूर जात नव्हता. बराच वेळ पुठ्ठे इकडेतिकडे करून त्याने शेवटचे दोन फ्रेट पेन्सिलीने खोडले, २० मिलिमीटर मोकळे झाले, आणि पुढचा पुठ्ठा त्याने त्या जागेत सरकवून टाचणीने टोचला. लाकडाच्या चौकटीत अजून प्रश्नचिन्हच आहे.